पायगुणाची पोर

पायगुण हा शब्द माझ्यासमोर कुणी काढला की माझं डोकं फिरतं. परवाच दुकानात आमच्या शेठाणी सांगत बसल्या होत्या, नवी सून घरात आली आणि त्याच आठवड्यात दुबईची मोठी ऑर्डर आली, 'एनां पगलां सारां छे,' म्हणजे तिची पावलं शुभ आहेत. बाकीच्या पोरींनी माना डोलावल्या. मी हातातली साडी टेबलावर आपटली आणि म्हटलं, तुमचा मुलगा वर्षभर त्या ऑर्डरीसाठी फोनला चिकटून बसला होता, त्याचं काही नाही का? शेठाणींना वाटलं, आज हिचं घरी काहीतरी बिनसलंय. बिनसलंय खरं, पण ते आजचं नाही.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आबा, म्हणजे आमचे वडील, लग्न झाल्याझाल्या सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात लागले. इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. आधी लिंबायतला, मग कडोदऱ्याला. राहायला आम्ही गोडादऱ्यात. आमच्या गल्लीत अर्धी माणसं आमच्याच तालुक्याकडची, त्यामुळे घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती असा सगळा कारभार. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकले. माझी बहीण माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, तिला गुजरातीत घातलं.

ती जन्मली त्या आठवड्यात आबांना पहिल्यांदा चालवायला लूम मिळाले. त्याआधी ते नुसते कापडाचे ताके खांद्यावर घेऊन जिने चढायचे. शेजारच्या काकू बाळंतिणीला बघायला आल्या आणि म्हणाल्या, पायगुणाची पोर आली हो तुमच्या घरात. झालं, शिक्का बसला. मी मोठी झाल्यावर एकदा मायला विचारलं, माझ्या जन्माच्या वेळी काय झालं होतं? माय म्हणाली, तुझ्या वेळी तापीला पूर आला होता. म्हणजे माझ्या पायांकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. तेव्हा मला याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, सुटले.

धाकटी पळायला लागली ती शाळेत. खेळाच्या सरांनी तिला एकदा पटांगणावर पोरांच्या मागे धावताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी बोलवायला लागले. आठशे मीटर ही तिची शर्यत. फार लांब नाही, फार जवळ नाही, पण जीव काढणारी. अंगाने काडी होती पोरगी, तरी शेवटच्या वळणावर पुढच्या पोरींना असं मागे टाकायची की सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडायची. मी साड्यांना लेस लावायचं काम घरी आणायचे, तरी तिच्या शर्यतीला मी हजर असायचेच. मला तिचं पळणं बघायला फार आवडायचं. घरात सारखी कुरकुर करणारी, भाजीतली वांगी बाजूला काढणारी ही पोर मैदानावर गेली की तिच्या चेहऱ्यावर काहीच उरायचं नाही. नुसतं पळणं.

जिल्ह्यात ती पहिली आली त्याच महिन्यात आबा खात्यात मास्टर झाले. मास्टर म्हणजे मशीन अडलं की दुरुस्त करणारा, पाळीवरच्या माणसांवर नजर ठेवणारा. आयुष्य लूमच्या आवाजात घालवलेल्या माणसाला ती जागा मिळायलाच हवी होती. पण गल्लीत कुणी आबांच्या हाताचं कौतुक केलं नाही. सगळे म्हणाले, पोरीचा पायगुण.

मग आमच्या गल्लीतल्या एका काकांनी जुनी मशीनं घेऊन स्वतःचं छोटं खातं सुरू केलं. त्यांनी धाकटीला बोलावलं. नव्या मशीनवरून निघालेल्या पहिल्या ताक्याचा, त्या खरबरीत पांढऱ्या, अजून न रंगवलेल्या ग्रे कापडाचा तुकडा जमिनीवर अंथरला होता. परातीत कुंकवाचं पाणी. तिने त्यात पाय बुडवून कापडावरून चालायचं आणि मग ते पावलांचे ठसे मशीनच्या वर भिंतीला लावायचे. हे सगळं त्या काकांच्या डोक्यातून निघालं होतं, आमच्याकडे असली रीत मी कधी पाहिली नव्हती. पण खातं बरं चाललं आणि रीत पडली. नंतर कुणी टेम्पो घेतला, कुणी पिठाची गिरणी टाकली, कुणी मोबाईलचं दुकान काढलं, की पहिलं आमच्या दारात यायचं. श्रावणात आमच्या खानदेशी कानबाई देवीच्या मिरवणुकीत बाया तिला पुढे घालायला लागल्या. तिला पेढे मिळायचे, नारळ मिळायचा, कधी ड्रेसचं कापड. चौदा वर्षांच्या पोरीला हे आवडणारच. मी तिला चिडवायचे, बाई, आता तुझे पाय धुऊन पाणी प्यायचं का आम्ही? ती उशी फेकून मारायची.

तोवर ही सगळी गंमतच होती. मायने हळूहळू काही नियम केले, तेही आम्ही हसण्यावारी नेले. धाकटीने मयताच्या घरी जायचं नाही. तिचे बूट दुसऱ्या कुणी घालायचे नाहीत. ती घरातून निघताना मागून हाक मारायची नाही. मी एकदा मुद्दाम हाक मारली तर मायने मला पोळपाटावरच्या पिठासकट धपाटा घातला.

मग ती राज्याच्या स्पर्धेला गेली आणि चौथी आली. राज्यात चौथी म्हणजे काय साधी गोष्ट आहे? सर तर खूश होते. मी तिच्याबरोबर होते, आम्ही परतीच्या बसमध्ये शेंगा खात होतो आणि मायचा फोन आला. आबांचा हात मशीनमध्ये गेला होता. दोन बोटं पेरापासून गेली.

आम्ही थेट दवाखान्यात गेलो. बाकावर माय, शेजारच्या काकू, खात्यातली दोन माणसं. काकू डोळ्याला पदर लावून मायला म्हणत होत्या, बघ ना, पोर तिकडे हरली आणि इकडे हे झालं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या रडतच होत्या. पण माझी बहीण पाठीवर बॅग घेऊन तिथेच उभी होती आणि तिने ते ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

आबांची बोटं गेली कारण दुसरा मास्टर गावाला गेला होता आणि ते त्याचीही पाळी करत होते. झोप नव्हती, आणि मशीन चालू ठेवूनच आत हात घालायची सवय सगळ्यांनाच असते, कारण बंद केलं तर कापड कमी निघतं. हे खात्यातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. तरी त्यातला एकही जण तोंड उघडून म्हणाला नाही की काकू, भलतंच काय बोलता. मी म्हटलं, मी चांगली मोठ्याने म्हटलं, पण माझ्या तोंडाला सगळे ओळखून आहेत. हिचं काय, ही भांडकुदळच, म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर धाकटी बदलली. आधी आमच्या लक्षात आलं नाही, कारण ती जिंकत होती. एकामागून एक शर्यती जिंकत होती. पण शर्यतीच्या सकाळी तिला उलट्या व्हायला लागल्या. आदल्या शर्यतीतले मोजे न धुता तसेच घालायचे, डावा बूट आधी, नाडीची गाठ मनासारखी बसली नाही की सोडून पुन्हा बांधायची. एकदा तिची केसाला लावायची निळी रिबीन सापडेना. तिने कपाट उपसलं, मग गादीखाली, मग कचऱ्याच्या डब्यात. घामाने भिजली होती नुसती. मी म्हटलं, अगं माझी लाल घे. तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला विष दिलं होतं.

आणि जिंकल्यावर तिला आनंद होत नसे. रेषा ओलांडली, की वाकून श्वास घ्यायचा आणि पहिला फोन घरी. मेडल घ्यायच्याही आधी. आबा कसे आहेत? बरे आहेत म्हटलं की मग ती खाली बसायची. लोक म्हणायचे, बापावर केवढी माया पोरीची. मलाही तसंच वाटायचं. तिचं खेळणं केव्हाच संपलं होतं, ती दर वेळी घरातल्या माणसाचा जीव सोडवायला पळत होती, आणि हे ती कुणालाही सांगत नव्हती.

एका निवड चाचणीत मग व्हायचं ते झालं. पोरी रेषेवर उभ्या राहिल्या आणि ही खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिली. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. स्टार्टरने आधी समजावलं, मग दम दिला. शेवटी तिला सोडून शर्यत सुरू झाली. सर धावत आत गेले तेव्हा ती तशीच नाडीशी खेळत होती. सरांनी मला फोन केला. बेन, आ छोकरीने बीक लागे छे, ते म्हणाले. भीती वाटतेय पोरीला. इतकी वर्षं मी त्यांना तिच्यावर ओरडतानाच ऐकलं होतं, त्या दिवशी ते अगदी हळू बोलत होते.

सरांच्याच ओळखीने मी तिला एका मॅडमकडे नेलं. खेळाडूंच्या मनाची डॉक्टर म्हणा. माझ्याच वयाची बाई, साधी कुर्ती, समोर पाण्याची बाटली. घरी आम्ही सांगितलं की पायाचं दाखवायला जातोय. मनाच्या डॉक्टरकडे नेतेय म्हटलं असतं तर मायने दारातच आडवं पडून घेतलं असतं, पोरीला वेडी ठरवून तिचं लग्न मोडता का म्हणून, जे लग्न अजून ठरलेलंही नव्हतं.

मॅडमनी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाल्या, समज, उद्या शर्यत आहे आणि तू हरलीस. काय होईल?

मला वाटलं धाकटी म्हणेल, सर रागावतील, नाव जाईल, नोकरी मिळणार नाही. तिने अगदी साध्या आवाजात, दूध नासलंय असं सांगावं तसं सांगितलं, आबा मरतील.

मॅडम हसल्या नाहीत आणि वेडी कुठली असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे तुला कधीपासून माहीत आहे? मग ती बोलायला लागली. बोटांचं, बसमधल्या फोनचं, काकूंचं. त्याआधीचं लूमचं, मास्टरकीचं, गल्लीतल्या प्रत्येक दुकानाचं. तिच्या डोक्यात एक लांबलचक साखळी तयार होती आणि तिची एकही कडी तिने स्वतः घडवलेली नव्हती. सगळ्या आम्ही दिल्या होत्या, पेढ्यांसोबत.

आम्ही तिथे जात राहिलो. मॅडम तिला एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगायच्या. जिंकावंसं वाटणं चांगलं आहे. जिंकलंच पाहिजे, नाहीतर आकाश कोसळेल, हे खरं नाही. हे कशावरून खरं मानतेस? पुरावा काय? धाकटी वाद घालायची. मॅडम कंटाळायच्या नाहीत. मग छोट्या छोट्या गोष्टी करायला सांगायच्या. आज उजवा बूट आधी घाल. आज मोजे धुऊन घाल. आज रिबीन घरी ठेव. सरावाला गेल्यावर हे ती करायची आणि घरी येईपर्यंत तिच्या जिवाची घालमेल चालायची. दारातून आत आली की आधी आबांकडे बघायची. आबा टीव्हीसमोर बसलेले. तिचे खांदे खाली यायचे.

शेवटी मॅडम म्हणाल्या, आता एक शर्यत हरून बघ. मोठी नको, साधी. मुद्दाम मागे राहा आणि घरी जा. काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

मी तयार होते. आजही कुणी विचारलं तर सांगेन, मला त्यात काही चूक वाटली नाही आणि अजूनही वाटत नाही. माझी बहीण हरूनही शांत झोपू शकली पाहिजे, एवढंच मला हवं होतं. मेडलं गेली चुलीत.

बारडोलीला एक छोटी स्पर्धा होती. उसाचे दिवस होते, रस्त्याभर ट्रॅक्टर, आणि साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. शर्यत सुरू झाली. पहिली फेरी ती सगळ्यांबरोबर पळाली. दुसऱ्या फेरीत तिने पाय सैल सोडले. ते बघणं किती अवघड होतं सांगू? तिच्या शरीराला हळू जाता येत नव्हतं. शेवटच्या वळणावर तिचे पाय आपोआप उसळले आणि तिने त्यांना मागे ओढलं, दात आवळून. ती सगळ्यात शेवटी आली. रेषेपाशी आली आणि माझ्या हातातून फोन घेतला. घरी लावून स्पीकरवर टाकला. आबा तोंडात घास घेऊन बोलत होते, जेवी ऱ्हायनू मी, काय व्हयनं?

काही नाही, ती म्हणाली. काही नाही आबा, जेवा.

फोन ठेवून ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग आम्ही स्टँडबाहेर गरम पातरां, म्हणजे इथल्या अळूवड्या, खाल्ली, तिने दोन प्लेट खाल्ल्या आणि माझ्यातलीही उचलली. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून ती घोरत झोपली. तिला घोरताना मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

त्यानंतरचे काही आठवडे फार छान गेले. उलट्या थांबल्या. सर म्हणाले, सरावातली तिची वेळ आजवरच्या सगळ्यांत चांगली आहे. भाजीतली वांगी पुन्हा बाजूला निघायला लागली. मला वाटलं, सुटली बाई माझी बहीण.

तिलाही तसंच वाटलं. म्हणूनच तिने एका संध्याकाळी जेवताना ते सांगून टाकलं. आबा, माय, मी, ती, सगळे ताटावर होतो. ती म्हणाली, तुम्हाला एक गंमत सांगू? बारडोलीला मी मुद्दाम हरले. शेवटची आले. आणि बघा, कुणाला काही झालं का? सगळे कसे ठणठणीत.

तिचा चेहरा इतका उजळला होता. आबांचा हात घासासकट ताटात राहिला. मग त्यांनी ताटावरच हात धुतला आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मायने विचारलं, तू मुद्दाम हारनी? असं विचारलं, जसं काही तिने घरातून काहीतरी चोरून विकलं होतं. मला काही समजेना. मी म्हटलं, अगं माय, ती बरी झालीय, तेच सांगतेय. मायने ताटं गोळा केली आणि मोरीत आपटली.

दुसऱ्या दिवशी धाकटी सरावाला गेल्यावर मायने तोंड उघडलं. आबांना टीबी होता. वर्षाच्या वर झालं होतं. खोकला आम्हाला दिसत होता, पण खात्यातल्या सगळ्यांनाच खोकला असतो, कापसाच्या धुळीचा म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. सरकारी दवाखान्यातून त्यांना फुकट गोळ्या मिळत होत्या. त्यांनी पत्ता खात्याचा दिला होता, घरी कुणी विचारायला येऊ नये म्हणून. पोरींची लग्नं व्हायची होती ना. दोनेक महिने गोळ्या घेतल्या. तेवढ्यात धाकटीने एक मोठी शर्यत जिंकली, त्याच सुमाराला त्यांचा खोकला कमी झाला, ताप गेला. आणि माझ्या बापाने गोळ्या सोडल्या. दवाखान्यातला माणूस खात्यावर विचारायला आला तर गावी गेलाय म्हणून सांगायला लावलं. माय त्यांना बोलली होती, नाही असं नाही. तर ते तिला म्हणाले, मनी आंडेर जिकस तवलोंग माले काय बी व्हत नई. माझी मुलगी जिंकतेय तोवर मला काही होत नाही.

मी मायवर ओरडले. इतकी ओरडले की समोरची माणसं दारात आली. माय खाली बसून नुसती म्हणत राहिली, त्यांना बरं वाटत होतं ना, बरं वाटत होतं ना. तिलाही ते पटलं होतं. या घरात दोन माणसं एकाच गोष्टीवर विसंबून होती. एक जण त्या भीतीने झिजत होती आणि दुसरा त्याच भरवशावर औषध टाळत होता. आणि दोघं रोज शेजारी बसून जेवत होते.

आबांनी अंथरूण धरलं. खोकला परत आला होता तो काही आठवडे ते दाबून ठेवत होते, आता दाबायचंही सोडून दिलं. मी त्यांना दवाखान्यात नेलं. आम्हा सगळ्यांना तपासलं, आम्ही बऱ्या निघालो. आबांबद्दल डॉक्टर म्हणाले, मधेच सोडल्यामुळे साध्या गोळ्या आता लागू पडत नाहीत, जास्तीच्या औषधांवर ठेवावं लागेल, आणि आलात फार उशिरा. ती औषधं घेऊन त्यांना अन्न जाईना. एका दुपारी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी त्यांना रागानेच विचारलं, का सोडल्या गोळ्या? एवढी मशीनं दुरुस्त केलीत तुम्ही, एक तरी मशीन कुणाच्या पायगुणाने चालू झालं होतं का?

ते पंख्याकडे बघत म्हणाले, तिची पुढची शर्यत कधी आहे?

मी उठून बाहेर गेले आणि नळापाशी तोंडात ओढणी कोंबून रडले.

पुढच्या शर्यतीत ती पळाली. मी नको म्हणत होते, मॅडम फोनवर नको म्हणत होत्या. धाकटीकडून सगळं कळल्यावर मॅडमकडे जाणं तर मायने केव्हाच बंद केलं होतं. त्याच बाईने पोरीला हरायला शिकवलं म्हणायची. धाकटी कुणाचं ऐकेना. न धुतलेले मोजे, डावा बूट, निळी रिबीन, सगळं परत आलं. शर्यतीआधी तिने इतकी उलटी केली की तिला उभं राहवत नव्हतं. आणि ती जिंकली. जेमतेम, दुसऱ्या पोरीच्या खांद्याला खांदा घासत, पण जिंकली. मेडल घेऊन ती थेट वॉर्डात आली आणि आबांच्या गळ्यात घातलं. आबांनी ते मुठीत धरून ठेवलं. पुढच्या आठवड्यात ते गेले.

तेरावं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर मी तिला घेऊन गच्चीवर बसले. मी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, हे बघ, नीट ऐक. तू बारडोलीला हरलीस तेव्हा आबा जेवत होते. तू परवा जिंकलीस तरी ते गेले. तुझ्या पायांचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांनी औषध सोडलं म्हणून ते गेले. याहून मोठा पुरावा काय पाहिजे तुला?

ती ऐकत होती. मान हलवत होती. मला वाटलं पोचतंय. मग ती म्हणाली, मी घासत जिंकले ना ताई. तसं जिंकलेलं धरत नसतील.

कोण धरत नसतील, मी विचारलं.

गल्लीत तिला आता कुणी बोलवत नाही. बापच गेला त्या पोरीचा, मग कसला पायगुण. ज्या तोंडांनी शिक्का मारला त्याच तोंडांनी पुसला, आणि दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही. एक प्रकारे बरंच झालं, असं मला वाटलं होतं. ती कॉम्प्युटरचा कोर्स करून एका कुरियरच्या ऑफिसात लागली. सर अधूनमधून मला फोन करायचे. म्हणायचे, तिचं वय काही गेलेलं नाही, नुसती यायला सांगा, स्पर्धा नको, शर्यत नको.

गेल्या हिवाळ्यात मी तिला एकदा घेऊन गेले. रविवारची सकाळ होती, मैदानावर क्रिकेटवाली पोरं होती आणि चालायला आलेले म्हातारे. सर मुद्दाम लांब जाऊन उभे राहिले. मी तिला म्हटलं, एक फेरी मार फक्त. कुणी मोजत नाही, कुणी बघत नाही. तिने बूट घातले, उजवा आधी. मला तेवढ्यानेही बरं वाटलं. ती रेषेवर जाऊन उभी राहिली. पाय मागेपुढे झाले, अंग झुकलं, तिला सगळं आठवत होतं.

मग ती सरळ झाली आणि परत माझ्याकडे आली.

काय गं, मी म्हटलं.

पळालेच नाही तर हरायचा प्रश्नच नाही ना, ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, मला समजावत असल्यासारखा. आबा गेले. पण माय आहे ना अजून. तू आहेस.

ती माझ्या शेजारी बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली. माझं तोंड एवढं फटकळ, गल्लीत मला सगळे टरकून असतात, आणि तिथे मी खाली वाकून तिच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. माय आणि मी धडधाकट आहोत. म्हणून माझी बहीण धावत नाही.